दादांचा टॉप गिअर

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर मी एक जास्तीचा काटा बसवून घेतला आहे. गाडी बनवणाऱ्यांनी तो दिला नव्हता, कारण त्यांनी दिलेल्या गाडीला त्याची गरजच नव्हती. ती गरज मी निर्माण केली. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापला आहे, ते हा काटा दाखवतो. पाचशे-साडेपाचशे अंशांपर्यंत काळजी नाही, सहाशेच्या पुढे जरा जपायचं, आणि सातशेच्या वर बराच वेळ राहिला की आतला पिस्टन वितळायला लागतो. दोन वर्षं मी या काट्यापायी रक्त आटवलं. घरच्यांशी भांडलो, मिस्त्रीशी भांडलो, आणि एका रविवारी तर गाडीखाली झोपून गाडीशीही भांडलो.

दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षाची बाग आहे. मी रोज मोटरसायकलवरून सातपूरला कारखान्यात जातो. तिथं माझं काम तपासणीचं, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या. हा स्वभाव संध्याकाळी कारखान्यात ठेवून येता येत नाही. बाग आई आणि वडील बघतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी सत्तरी गाठली आणि बागेतली कामं एकेक करून त्यांच्या हातून सुटत गेली. हात वर धरून घडांची विरळणी करणं खांद्यामुळे बंद झालं. फवारणी डॉक्टरांनी बंद केली. ट्रॅक्टरवर चढणं गुडघ्यांनी बंद केलं. राहिली ती एकच गोष्ट, हंगामात द्राक्षांची कॅरेटं पिकअपमध्ये भरून पेठ रोडनं गुजरातच्या बाजूच्या व्यापाऱ्याकडे पोचवणं. पहिल्यांदा टेम्पो होता, नंतर ही पिकअप आली, पण तीस वर्षं हे काम दादांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

या गाडीत मी हात का घातला, ते सांगायलाच हवं. एकदा जेवताना दादा सहज म्हणाले, "घाटात मागचे लय हॉर्न वाजवत्यात." बस, एवढंच. दुसरा कुणी असता तर हो म्हणून भाकरी मोडली असती. मला त्यात दोष दिसला. गाडीला ताकद कमी आहे, चढाला ओढत नाही, म्हणून मागच्यांचा खोळंबा होतो आणि ते हॉर्न वाजवतात. म्हणजे ताकद वाढवली पाहिजे. दादांनी ताकद मागितलेली नव्हती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आमची गाडी जुनी, साध्या डिझेल पंपाची. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. अशा गाडीत पंपाचा एक स्क्रू फिरवला की इंजिनाला डिझेल जास्त मिळतं. पंचवटीच्या पुढे एक मिस्त्री आहे, त्याच्याकडून मी तो फिरवून घेतला. तो म्हणाला, "एवढा बास, भाऊ." मी म्हणालो, अजून थोडा. मग भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणला आणि तोही बसवला. रिकाम्या गाडीनं दिंडोरी रोडवर चक्कर मारली तर पाठ सीटला चिकटली. मागं काळ्या धुराचा लोट होता, पण मला तो आरशात मोठा छान दिसला. दादांना विचारलं, कशी वाटते. ते म्हणाले, "बरीय."

पहिल्याच हंगामात ती 'बरीय' गाडी घाटात बसली. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली आणि मागचा माल दुसऱ्याच्या गाडीत भरावा लागला. इंजिन पुन्हा बांधलं, मिस्त्रीनं हा काटा लावून दिला, आणि आईनं त्याच दिवशी निकाल दिला. प्रत्येक खेपेला दादा परत येईपर्यंत ती दारात आत-बाहेर करते, त्यामुळे ही संधी तिनं सोडली नाही. "आता पुन्हा जळली तर ती भंगारात घाला. दुसरी गाडी नाय घ्यायची. हे बसतील मग घरी." इंजिन पुन्हा गेलं तर दादांचं शेवटचं काम जाणार, हे तिथं बसलेल्या तिघांनाही कळलं होतं. म्हणून मी ठरवलं की काटा सहाशेच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आणि तो जायला लागला.

पहिल्यांदा मी हवेच्या फिल्टरला धरलं. उघडला तर आत, द्राक्षांवर मारतात त्या गंधकाची पिवळी भुकटी बसलेली. बागांमधून फिरणाऱ्या गाडीचं हे असंच होतं. बदलला. मग टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी ती पुढची जाळी, इंटरकूलर म्हणतात तो, मोठा बसवला. त्याच्यासमोर दसऱ्यापासून लोंबकळणारा झेंडूचा हार होता, सुकून त्याचं पार वाळवण झालेलं. तो मी काढला तर आईनं दोन दिवस अबोला धरला. सायलेन्सर मोकळा केला, आता गाडी पलीकडच्या वस्तीला ऐकू जाते. शेवटी डोकं इतकं फिरलं की बागेत फवारणीला वापरतो ती दोन नोझलं घेतली, एक कॅन, एक छोटी मोटर, आणि चढाला लागलं की इंटरकूलरवर पाण्याचा बारीक फवारा उडेल अशी सोय केली. दादा शेजारी उभं राहून बघत होते. म्हणाले, "आता गाडीलाबी फवारणी. औषध कोणतं घालायचं ते सांग." मी हसलो नाही. मला तेव्हा हसू येण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

चिडायचं खरं कारण वेगळंच होतं. या काट्याला एक बटण आहे. ते दाबलं की मागच्या फेरीत काटा जास्तीत जास्त कुठवर गेला होता, तिथं जाऊन तो थांबतो. मी स्वतः दोन रविवारी खडीच्या गोण्या भरून, दादांच्याच मालाएवढं वजन करून, गाडी घाटात नेऊन आणली. पाचशे ऐंशी. दोन्ही वेळा. मी शीळ घालत घरी आलो. मंगळवारी दादा खेप करून आले, मी बटण दाबलं, सातशे चाळीस. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढंच वजन. मोजमापात असा फरक आला की आम्ही कारखान्यात यंत्राला नाही, माणसाला विचारतो.

"दादा, कशी चालवली?"

"चालवतो तशी."

"घाटात काय केलं?"

"घाट चढलो."

पुढच्या खेपेला हेच. त्याच्या पुढच्या खेपेला हेच. काट्याकडे लक्ष होतं का म्हणून विचारलं तर म्हणाले, रस्त्याकडे होतं. एकदा गाडीत बघितलं तर काट्यावर त्यांचा पंचा टाकलेला. का म्हणून विचारलं, तर ऊन्ह चमकतं म्हणाले. मी मिस्त्रीकडे जाऊन त्याच्या डोक्यावर बसलो. त्यानं टर्बो उघडला, बंद केला, ब्रेक धरून राहतात का ते बघितलं, डिझेल बदलून बघितलं, आणि शेवटी हात टेकून म्हणाला, "भाऊ, गाडीत काय नाय. घेऊन जा." गाडीत काही नाही आणि काटा सातशेच्या पार. मी जाता-येता दादांवर खेकसायला लागलो होतो आणि ते मुकाट्यानं ऐकून घेत होते, त्यानं मी आणखीच चिडायचो.

शेवटी कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली आणि दादांच्या शेजारी जाऊन बसलो. हे आधीच का केलं नाही, असं कुणी विचारेल. आम्ही दोघं एका केबिनमध्ये बसलो की वीस मिनिटांत भांडण होतं, म्हणून. त्या दिवशी सकाळी माल काढला, अकरापर्यंत कॅरेटं भरली, दादांनी प्रत्येक थर हातानं हलवून बघितला आणि आम्ही निघालो. सपाटीला काही बोलण्यासारखं नव्हतं. दादा फार सुरेख गाडी चालवतात. खड्डा येण्याआधी गाडीला कळावं तशी ती बाजूला होते, ब्रेक कधी लागला ते समजत नाही.

मग चढ आला आणि दादांनी गिअर बदललाच नाही.

टॉप गिअरमध्ये गाडी चढाला लागली. वेग कमी होत चालला, इंजिन खालच्या सुरात कण्हायला लागलं, आणि दादांनी पाय हळूहळू, अगदी प्रेमानं, पार खाली दाबला. काटा सहाशे. साडेसहाशे. मागं काळा धूर. सातशे. इंजिन फिरतंय हळू, म्हणजे आत हवा येतेय कमी, आणि मी वाढवून ठेवलेल्या पंपातून डिझेल मात्र धो-धो. उष्णता वाढणार नाही तर काय होणार.

"दादा, गिअर खाली टाका."

"माल हाय मागं."

"अहो, इंजिन जळेल, टाका खाली."

"इंजिन वरडलं की गाडी थरथरते. थरथरली की मणी गळतो. तीस वर्षं झाली, मला नको शिकवू."

मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली. करवंदीच्या जाळीशेजारी उभं राहून मी माझ्या बापाला गिअर म्हणजे काय ते शिकवलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा मी अगदी जोरात होतो. किती फेऱ्यांवर इंजिन फिरलं पाहिजे, हवा, डिझेल, पिस्टन, सगळं. दादा बोनेटला टेकून ऐकत होते. मध्येच त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की द्राक्षाची गाडी चालवायची रीत अशीच असते. इंजिनाचा आवाज वाढू द्यायचा नाही, पाय एकसारखा ठेवायचा, मागच्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी आपली चाल सोडायची नाही. व्यापारी तळाचं कॅरेट काढतो, खालचा कागद उचलतो आणि गळलेले मणी बघतो, त्यावर मालाची किंमत ठरते. त्यांचं कॅरेट मात्र तो आता कितीतरी वर्षं उघडत नाही, नुसतं गाडी कुणी आणली ते बघतो. मी म्हणालो, ते सगळं ठीक आहे, पण आईनं काय सांगितलंय ते लक्षात आहे ना. ते बोनेटपासून सरळ झाले. मग म्हणाले, "बरं. तू सांगतो तसं करतो."

दादांनी तसं केलं. पुढच्या दोन्ही खेपांना चढ आला की गिअर खाली टाकला. परत आल्यावर मी बटण दाबलं, पाचशे सत्तर, पाचशे नव्वद. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून काटा दाखवला. तिला त्यातलं काही कळत नाही, पण मी जिंकलोय एवढं तिला दिसलं. दादा ओट्यावर चप्पल काढत होते. कसा गेला प्रवास, असं मी विचारायला हवं होतं. मी काटाच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्यापाऱ्याचा फोन आला. हिशेबाचं काही असेल म्हणून मी बाहेर जाऊन उचलला. त्यानं आधी हालहवाल विचारली आणि मग जरा अडखळत म्हणाला, "काकांची तब्येत बरी आहे ना? गाडी तेच चालवतात ना अजून?" मी म्हणालो, हो, का. तो म्हणाला, "नाही, दोन्ही गाड्यांना तळाला मणी खूप होते. मला वाटलं, ड्रायव्हर ठेवला असेल. काकांसमोर कॅरेट उपसावं लागलं, मलाच कसंतरी झालं."

मी घरी आलो तेव्हा दादांनी गाडीची किल्ली माझ्या जेवायच्या ताटाशेजारी आणून ठेवली. "उद्याची खेप तू ने," म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला मी तयार होतो. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. इंजिन जळलं नव्हतं, गाडी शाबूत होती, काटा सहाशेच्या आत होता आणि दादा घरी बसले होते. जे होऊ नये म्हणून मी दोन वर्षं धडपडत होतो, ते मी स्वतःच करून ठेवलं होतं.

मी खेप नेली. पुन्हा रजा, पुन्हा बोलणी. चढाला गिअर खाली टाकला आणि पाय दिला, तर टर्बोनं अशी उसळी मारली की मागची कॅरेटं एकमेकांवर आपटल्याचं मला केबिनमध्ये ऐकू आलं. पाय काढला तर गाडी पुढच्या बाजूला झुकली. खडीच्या गोण्या नेताना हे मला कळलं नव्हतं, कारण खडीला मणी नसतात. व्यापाऱ्यानं माझ्यासमोर कागद उचलला. खाली ओंजळ-दीड ओंजळ मणी, काही फुटलेले. परत येताना शंभर किलोमीटर मला स्वतःशिवाय चिडायला कुणी नव्हतं. मी पंप वाढवला नव्हता तोवर दादांच्या चालीनं इंजिनाचं काहीही बिघडत नव्हतं. डिझेलच बेताचं मिळायचं, मग टॉप गिअरमध्ये कण्हत चढली तरी तापणार किती. चाल तीच होती. तिच्याखालचं इंजिन मी बदललं होतं, आणि मग चाल चुकीची म्हणून त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करून शिकवणी घेतली होती.

गाडी तशीच मिस्त्रीकडे नेली आणि सांगितलं, पंप पहिल्यासारखा करून दे. तो पाना घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर मी पाणी ओतत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊ, गाडी तुमचे वडील चालवत्यात हे तुम्ही कधी बोलले का? मला वाटलं, तुम्हीच चालवता. द्राक्षाचा जुना ड्रायव्हर हाय म्हणले असते, तर मी स्क्रूला हातच लावला नसता." स्क्रूवर त्यानं पहिल्या दिवशी मारलेली पांढरी खूण अजून होती. पाच मिनिटांत तो जागेवर गेला.

सकाळी मी किल्ली दादांच्या हातात दिली. म्हणालो, पंप पहिल्यासारखा केलाय, तुम्ही तुमच्या चालीनं चालवा, चूक माझी होती. हे शेवटचं मी भराभर म्हणून टाकलं. त्यांनी किल्ली खिशात टाकली, कॅरेटं भरून घेतली, थर हलवून बघितले. निघताना म्हणाले, "तू येतो का?" माझी रजा शिल्लक नव्हती, तरी मी चढून बसलो.

सपाटीला दादा पूर्वीसारखेच होते. घाट सुरू झाला तसे ते बदलले. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली. नजर रस्त्यावरून काट्यावर, काट्यावरून रस्त्यावर. गाडी टॉप गिअरमध्ये हळू व्हायला लागली, इंजिन त्या ओळखीच्या सुरात कण्हायला लागलं. काटा पाचशेच्या आसपास होता आणि तिथंच राहणार होता. दादांचा हात गिअरवर गेला, परत आला, पुन्हा गेला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"आता टाकू का खाली?"

तीस वर्षांत या माणसानं गाडीतलं काही कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मला त्यातलं कळत नाही, दादा. तुम्हीच ठरवा."

त्यांनी गिअर खाली टाकला नाही, पण हात गिअरवर तसाच राहिला. बराच चढ झाला तरी तो तिथून निघाला नाही.